सुकाणूबाबा परत आला

लालबाग,
३ ऑगस्ट २०२५

चि. सुरुचीस, मामीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र आणि त्यातलं बांबूचं पान, दोन्ही पोचलं. पान वाळलं होतं, पण वास होता. मी फोनवर बोलत नाही म्हणून रागावू नकोस. तुझी बँक तुला त्या भामरागडला पाठवून मोकळी झाली. तिथे रेंज कधी येते, कधी जाते, आणि आली तरी माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागतं. मग तू ओरडतेस, मी ओरडते आणि अख्ख्या मजल्याला कळतं की मामीचा गुडघा सुजलाय. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी की वाचनालयात वाळवीचं औषध मारणं चाललंय. मोठ्यांची कपाटं महिनाभर बंद. तिथला यशोधन म्हणाला की काकू, फक्त बालविभाग उघडा आहे. मी म्हटलं, दे काय असेल ते, मला छापलेलं पान पाहिजे. सातवीतून काढल्यावर मी वाण्याच्या पुड्या सोडवून वाचायचे. अर्धी बातमी हातात, अर्धीवर तेलाचा डाग. मला कसली आलीय बालविभागाची लाज? त्याने ‘भरतीचे राखणदार’चा पहिला भाग काढून दिला आणि वर तोंड वासून विचारलं की काकू, हे तुम्ही वाचलंच नाही? पंधरा वर्षांत सगळ्यांनी वाचून झालं म्हणाला. एवढे भाग आहेत, तरी मला पत्ता नाही.

तुला गोष्ट माहीतच असणार, तरी लिहिते, कारण मला लिहावंसं वाटतंय. सात खाड्यांचा देश, आणि एके दिवशी तिथे भरती येतच नाही. समुद्र रुसून लांब जाऊन बसतो. मग ती नऊ वर्षांची निरी धाकट्या चिंबूचा हात धरून सुकाणूबाबाकडे जाते. भरतीला हाक मारायची विद्या त्या म्हाताऱ्या नावाड्यालाच येते. हाक मोठ्याने मारायची नाही. पाण्याकडे पाठ करायची आणि हळू बोलवायचं. मला वाटलं होतं पऱ्या असतील, राजपुत्र असेल. इथे एक म्हातारा आहे, जो जगबुडी तोंडाशी आली तरी कालवण चाखतो आणि म्हणतो, मीठ कमी. मुलांना शिव्या घालतो आणि घालता घालता त्यांच्या होडीची गाठ बांधून देतो. मुलांसाठी लिहायचं म्हणून लिहिणाऱ्या बाईंनी कुठेही हात आखडता घेतलेला नाही.

किर्तीवन्सं गिरगावातून आल्या होत्या. तुझ्या आईचा स्वभाव तुला ठाऊक. माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाल्या की वहिनी आता दोन वेण्या घालून शाळेतही जातील. मी म्हटलं, रिबिनी तुम्ही आणा.

पुस्तकांवरची मूळची रंगीत वेष्टणं वाचनालयाने काढून टाकलीयत. सगळे भाग तपकिरी पुठ्ठ्यात शिवलेले, पाठीवर यशोधनच्या अक्षरात भाग एक, भाग दोन अशा चिठ्ठ्या. आत नुसतं त्या त्या भागाचं नाव, आकडा नाही. वेष्टणावर चित्र काय होतं ते कळव.

लोभ आहेच. उशिरा उत्तर पाठवून तो किती आहे हे तपासू नकोस.

तुझी,
मामी


भामरागड,
१२ ऑगस्ट २०२५

ती. मामीस, सुरुचीचा शि. सा. न.

वि. वि. ‘गं. भा.’ लिहायचं नाही असं तू मागे बजावलंस, म्हणून नुसतंच ‘ती.’

मामी, आत्ता? आत्ता वाचतेयस? आम्ही नववीत असताना पाच जणी गिरगाव चौपाटीवर समुद्राकडे पाठ करून उभ्या राहायचो आणि हळू हाक मारायचो. एकदा खरंच भरती आली. म्हणजे तिची वेळच झाली होती, पण आम्हाला ते कोण सांगणार? माझी एक चप्पल गेली, आणि आईने मारलं ते वेगळं.

पहिले चारही भाग मला मामाने आणून दिलेत. उन्मेषदादाला क्रिकेट सोडून कशात रस नव्हता, म्हणून मामा दादरला दुकानापुढे माझ्यासाठी रांगेत उभा राहायचा. पोरांच्या रांगेत तो एकटाच टक्कल पडलेला. पहिल्या भागावर निळं चित्र होतं, वाळूत पालथी पडलेली होडी आणि तिच्यावर बसलेला कावळा.

पुढचं एक अक्षर सांगणार नाही. तू वाच आणि लिहीत जा. माझा संच असता तर तुलाच पाठवला असता, पण तो मी कधीच काढून टाकला.

गुडघ्याला शेक दे. माझ्यावरचा लोभ पत्रागणिक थोडा वाढवलास तरी चालेल.

तुझी,
सुरुची


लालबाग,
१० सप्टेंबर २०२५

चि. सुरुचीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. विसर्जन झालं, रस्ता परत दिसायला लागला. दहा दिवस इथे दाराबाहेर पाऊल ठेवायची सोय नव्हती. दर्शनाची रांग आपल्या जिन्यापाशी वळते, लोक आपल्याच पायरीवर बसून वडे खातात. मी ते दहा दिवस सात खाड्यांच्या देशात काढले.

दुसरा भाग भलत्याच घाईत सुरू होतो. पहिल्यात नऊ वर्षांची असलेली निरी एकदम सोळाची. चिंबूला मिसरूड फुटलेलं. सुकाणूबाबा आंधळा. कधी झालं, कसं झालं, बाई काही सांगत नाहीत. आधी मी चिडले, मग मला ते आवडलं. गावाकडचं माणूस दहा वर्षांनी भेटलं की असंच होतं. आपण तोंडावर विचारत नाही. बोलता बोलता कळत जातं.

शेवटी समुद्र बांध फोडून येतो तेव्हा बाबा मुलांना डोंगरावर पाठवतो आणि स्वतः एकटा होडी घेऊन पाण्यात जातो. सकाळी होडी परत येते. ती रिकामी असते.

मी त्या दिवशी चूल पेटवली नाही. तुझे मामा बाजारात कोळंबी आणायला म्हणून गेले होते, हे तुला माहीत आहे. पिशवी कुणीतरी आणून दिली होती. नऊ वर्षं झाली. मी रडत बसणारी बाई नाही, पण ती होडी वाचली आणि मला ती पिशवीच दिसली.

वाटलं, पुढचा भाग आणूच नये. मग चार दिवसांनी आणला. आणि सुरुची, पहिल्याच पानावर सुकाणूबाबा! धक्क्यावर बसलाय, जाळं विणतोय आणि चिंबूला शिव्या घालतोय. तो परत आला! कोणी विचारत नाही की बाबा, तू कुठे होतास. कोणी गळ्यात पडत नाही. निरी त्याला भात वाढते आणि तो म्हणतो, मीठ कमी. मी पुस्तक मिटलं आणि नळावर जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर विजा कडाडल्या असत्या, शंख वाजले असते. या बाईंना कळलंय. माणूस परत येत असेल तर असंच येत असेल. न सांगता, जेवायच्या वेळेला.

तेव्हापासून सकाळी दाराची कडी काढताना माझा हात जरा थांबतो. मला वेड लागलेलं नाही गो. मला सगळं कळतं. पण थांबतोय तर थांबू दे. बरं वाटतं. चौथा भाग आता आणीन.

लोभ इथून निघालाय, टपालाने पोचेल.

तुझी,
मामी


भामरागड,
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय उन्मेषदादास स. न.

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठीक आहे. फोन लागत नाही आणि हे मेसेजमध्ये लिहिण्यासारखं नाही.

मामी ‘भरतीचे राखणदार’ वाचतेय हे तुला माहीत असेल. वाचनालयात दुसऱ्या आणि चौथ्या भागाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. तिने चौथा भाग दुसरा समजून वाचला. सुकाणूबाबा चौथ्याच्या शेवटी मरतो, दादा. मग तिने तिसरा घेतला. त्यात तो जिवंत असणारच, कारण ती गोष्ट आधीची आहे. तिला वाटतंय, तो परत आला.

तो कधीच परत येत नाही. आता ती खरा दुसरा वाचेल, त्यातही तो असेल. मग पाचवा उघडेल, आणि त्यात तो नसेल. ती लिहितेय की दाराची कडी काढताना तिचा हात थांबतो. ती ओळ वाचल्यापासून मला काही सुचत नाही.

तू दर रविवारी वडाळ्याहून तिच्याकडे जातोस. ती कशी आहे ते बघ. सांगायचं की नाही, कुणी सांगायचं, ते कळव. आईला यातलं काही बोलू नकोस, ती लगेच लालबागला जाऊन जाहीर करेल.

तुझी,
सुरुची


वडाळा,
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय सुरुचीस, दादाचे आशीर्वाद (असंच लिहितात ना?)

दहावीच्या मराठीच्या पेपरनंतर मी लिहितोय ते हे पहिलंच पत्र. त्यातही ‘वडिलांना सहलीसाठी परवानगी मागणारे पत्र’ होतं आणि मला पाचातले दोन मिळाले होते. सांभाळून घे.

रविवारी गेलो. आईने बांगडे केले होते, न सांगता, आपणहून. जेवताना मला त्या सुकाणूबाबाच्या नकला करून दाखवल्या. आई नकला करते हे मला माहीतच नव्हतं. आधी वाटलं, वाचनालयातून पाचवा भाग आपणच न्यावा आणि हरवला म्हणून सांगावं. पण आई दादरला जाऊन नवा विकत आणेल. तिला ओळखतेस तू.

तू विचारलंस म्हणून एक आठवण लिहितो. बाबा बाजारात पडले तेव्हा आत्याने आणि मी आईला दुपारपर्यंत खरं सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात आहेत, बरे आहेत, असंच म्हणत राहिलो. तिने त्यांच्यासाठी डबा भरला. नंतर ती एकदाच म्हणाली की दुपारभर तुम्ही मला मूर्ख बनवलंत. मग कधी तो विषय काढला नाही. पण मी विसरलो नाही.

म्हणून सांगायचंच. पण मी सांगितलं तर दोन वाक्यांत सांगेन आणि वाट लावेन. तू लिही.

दादा

ता. क. माझ्या लेखनाचे गुण कळव. दोनाच्या वर असतील तर आणखी एक लिहीन.


भामरागड,
८ ऑक्टोबर २०२५

ती. मामीस शि. सा. न.

वि. वि. मामी, एक चूक झालीय आणि ती तुझी नाही. यशोधनच्या चिठ्ठ्या उलटसुलट लागल्यात. तू दुसरा म्हणून वाचलास तो चौथा होता. मी आडून आडून लिहीत नाही, कारण तुला ते आवडत नाही. सुकाणूबाबा परत आलेला नाही. तू वाचलास तो तिसरा भाग त्याच्या जाण्याच्या आधीचा आहे.

पाचव्यातही तो येत नाही. माझं ऐक आणि पाचवा वाचू नकोस. मामा गेला, त्यानंतर दोन महिन्यांनी पाचवा आला होता. त्या वेळी रांगेत मी एकटी उभी राहिले. घरी येऊन एका बैठकीत वाचला. मला वाटत होतं, शेवटच्या पानावर तरी तो येईल. ज्या बाईने भरतीला हाक मारायला शिकवलं, ती एवढं तरी करेल. तिने नाही केलं. मी पाचही पुस्तकं रद्दीत दिली आणि त्यानंतर गोष्टीचं पुस्तक हातात धरलेलं नाही. आईला वाटतं, अभ्यासामुळे सुटलं.

तू इतकी खूश होतीस, आणि ते मीच मोडतेय. रागावलीस तरी लिही.

तुझी,
सुरुची


लालबाग,
९ ऑक्टोबर २०२५

चि. सुरुचीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. बरेच दिवस तुझं पत्र नाही. उन्मेष मात्र जेवताना माझ्या तोंडाकडे बघत बसतो. काय झालंय तुम्हा दोघांना?

चौथा भाग वाचून झाला. म्हणजे ज्याच्या पाठीवर चौथा लिहिलंय तो. उघडला तर सुकाणूबाबाला डोळे! लांबूनच शीड ओळखतोय. मी म्हटलं, चला, परत आला तसे डोळेही घेऊन आला. मेलेला माणूस परत आला हे मी मानलं. आंधळ्याला दिसायला लागलं तेही मानलं. पण बाविसाव्या पानावर चिंबूचा दुधाचा दात पडला. मिसरूड फुटलेल्या पोराचा दुधाचा दात! तिथे माझं घोडं अडलं.

मग मी तिन्ही पुस्तकं जमिनीवर मांडून बसले. गुडघ्याने शिव्या घातल्या, पण मी उठले नाही. कोण किती उंच आहे, कुणाला पोहता येतं, सगळं ताडून पाहिलं. यशोधनने चिठ्ठ्या उलट चिकटवल्यात, एवढंच. सुकाणूबाबा परत आला नव्हता. मी मागे गेले होते.

थोडा वेळ वाईट वाटलं. किती ते सांगत नाही. कडीचं मी तुला लिहून बसले होते, त्याची लाज वाटली. मग मी उरलेली पानं वाचायला घेतली, आता खरं काय ते माहीत असून. आणि सुरुची, फार छान गेले गो ते दिवस. तो पोरांना चांदण्या दाखवतो, मासळी बाजारात फसतो, चिंबूचा दात समुद्राला देतो. पुढे याचं काय होणार ते मला ठाऊक, त्याला नाही. घाईने एकही पान उलटलं नाही मी.

तुम्हा सगळ्यांच्या हातून तो चौथ्याच्या शेवटी गेला. माझ्याकडे तो आणखी दोन भाग राहिला. आणि माझ्याकडून निघाला तेव्हा त्याला दिसत होतं.

पाचवा आणून फळीवर ठेवलाय. माणूस नाही हे माहीत असून पुढचं पान उलटायचं, हे काही मला नवीन नाही.

लोभ पत्राच्या वजनात धरला नाहीये, तरी दोन तिकिटं लागली.

तुझी,
मामी


लालबाग,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सुरुचीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं हातात पडलं तेव्हा मी पाचव्याच्या साठाव्या पानावर होते. वाचू नकोस म्हणालीस, ते ऐकलं नाही. खरं सांगितलंस, ते फार बरं केलंस. आपण होऊन सांगणारं माणूस घरात असावं लागतं.

पाचवा वाचला. सगळ्यांत चांगला आहे. तुला राग येईल, पण आहे. शंभर पानं बाबाचं नाव कोणी काढत नाही, आणि त्या शंभर पानांत तो कुठे नाही असं एक पान नाही. मग समुद्र पुन्हा जातो. निरी बाबाने शिकवल्याप्रमाणे पाण्याकडे पाठ करून हळू हाका मारते. भरती येत नाही. शेवटी ती वळते, समुद्राकडे तोंड करते आणि त्याला घसा फोडून शिव्या घालते. तेव्हा पाणी येतं. चिंबू म्हणतो, म्हणजे बाबा चुकत होता. निरी म्हणते, हो, चुकत होता. आणि सगळे जेवायला बसतात.

ते पान मी तीनदा वाचलं. तुझ्या मामांनी लग्नाच्या वर्षी कपाट खिडकीपुढे लावलं. रस्त्याची धूळ येते म्हणायचे. पस्तीस वर्षं मी दिवसा दिवा लावून भाजी निवडली. ते गेले, त्याच महिन्यात मी उन्मेषला सांगून कपाट हलवलं. केवढा उजेड आला! आणि नऊ वर्षं त्या उजेडात बसून मला वाटायचं, मी या खिडकीसाठी त्यांच्या जाण्याची वाट बघत होते की काय? हे मी कुणाला बोलले नाही. पोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकाने ते माझ्यासाठी बोलून टाकलं. ते धुळीबद्दल चुकत होते. एवढंच. चांगले होते आणि धुळीबद्दल चुकत होते.

तू सतरा वर्षांची होतीस. तू पाचव्यात बाबाला शोधत होतीस, म्हणून निरी तुला दिसली नाही. पुन्हा वाच. नवा संच माझ्याकडून, उन्मेष दादरहून आणून पार्सल करेल. त्याच्या लेखनाला तीन गुण दे, बिचारा विचारत होता.

आता तुझ्या आईचं. गिरगावच्या घरात लाद्या उखडल्यात, म्हणून किर्तीवन्सं महिनाभर माझ्याकडे आहेत. पहिल्याच दुपारी चष्मा शोधण्याचं निमित्त करून त्यांनी पहिला भाग उचलला. रात्रीच्या जेवणाला म्हणाल्या की काही खास नाही, पण सुरू केलंय तर संपवावं. तीन दिवसांत संपला. पुढचा आहे का, असं दुसरीकडे बघत विचारलं.

मी वाचनालयात गेले. यशोधनला चूक कळल्यावर तो खजील झाला होता, नव्या चिठ्ठ्या लिहून तयार ठेवल्या होत्या. मी त्याला थांबवलं. म्हटलं, महिनाभर राहू दे अशाच, मग खुशाल बदल.

तू म्हणशील, मामी, तुला फसवलेलं चालत नाही आणि आईला मात्र फसवतेस. बाबा गेला हे मी त्यांच्यापासून लपवत नाहीये गो. ते त्या आत्ताच वाचतायत. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय आणि बाहेरून नाक ओढल्याचा आवाज येतोय. त्यांच्या तोंडाला विळी असली तरी त्यांचा एकच भाऊ होता, आणि त्याच्यासाठी त्यांना कधी माझ्यासमोर रडता आलं नाही, कारण विधवा मी होते. त्यानंतर काय वाचायला मिळावं, एवढंच मी ठरवलंय.

मी बाहेर जाणार नाही. चहा टाकते, दोन कप. तिसरा भाग त्यांच्या उशाशी ठेवून आलेय.

यातलं एक अक्षर आईला कळवलंस तर माझा लोभ आटेल. नाही कळवलंस तर आहे तिथेच आहे.

तुझी,
मामी